दुतोंड्याच्या कमरेपर्यंत

शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, बाई विचारतात.
बाई नागपूरच्या, मेंदूच्या डॉक्टर.
मी म्हणालो, दुतोंड्याच्या कमरेपर्यंत.
त्यांचं पेन थांबलं.
मशीनवरचा तुषार आहिरे हसला,
मॅडम, गंगेचा पूर आम्ही असाच मोजतो.
मारुतीचे गुडघे बुडाले, कंबर बुडाली, छाती बुडाली,
आणि गळ्याशी आलं की सराफ बाजार दुकानं रिकामी करतो.
बाईंनी कागदावर सहा लिहिलं.
लिहा बापडे.

कमरेच्या वर, कातडीखाली,
काडेपेटीएवढी एक डबी शिवलीय माझ्यात.
तिची तार मणक्यात चढते
आणि मज्जारज्जूला रात्रंदिवस बारीक ठोके देते.
चाळीस वर्षं हंड्यांवर वाकून मी मठारकाम केलं,
आता कुणीतरी माझ्यावर करतंय.
आधीच्या ठोक्यांनी पायात मुंग्या यायच्या.
या नव्या ठोक्यांचं काही म्हणजे काही कळत नाही.
म्हणूनच ही परीक्षा:
डबी कधी चालू, कधी बंद, मला सांगणार नाहीत,
तेवढ्यात डोक्यात काय हलतं ते चुंबक बघणार.

करदोडा काढला, अंगठी काढली.
हातातलं कडं राहू द्या म्हणालो,
तांब्याला लोहचुंबक ओढत नाही.
ओढत नाही काका, पण तापतं. काढा.
मग तुषार हळूच म्हणाला, आतलं वेटोळंही तांब्याचंच आहे.
बरं वाटलं.
कुणाच्या हातचं असेल?

डोकं पिंजऱ्यात, कानात बोळे.
आणि सुरू झालं
ठक ठक ठक ठक,
मध्येच घर्रर्र, पुन्हा ठक.
इथे लोकांचा जीव घाबरा होतो म्हणे.
मला आमची तांबट आळी आठवली,
चौदा ऐरणी एका वेळी,
आणि त्यावरून ओरडणारी आई. त्यामुळे आमच्या घरात
अजून सगळे मयताच्या बैठकीतही ओरडून बोलतात.
आता भांडी मुरादाबादहून तयार येतात.
दुपारी आळीत फ्रीजचा आवाज ऐकू येतो.

तिसऱ्या फेरीत पाणी उतरलं.
आधी कंबर उघडी पडली, मग मांड्या,
मग ओल्या शेंदराचे गुडघे.
डोळे भरले, पण हलायचं नव्हतं,
म्हणून ते पाणी कानात गेलं.
सांगावंसं वाटलं, बाई, ही. हीच फेरी.

बाहेर आल्यावर त्यांनी पडदा दाखवला.
राखाडी अक्रोड, त्यावर पिवळे-तांबडे डाग.
यात दुखणं कुठलं?
दुखणं दिसत नाही, म्हणाल्या,
रक्त कुठे धावलं तेवढं दिसतं.
मी तिसऱ्या फेरीचं सांगितलं.
त्यांनी लिहून घेतलं. तुषार खाली बघत राहिला.
त्याची वही उघडी होती
आणि मला उलटं वाचता येतं,
गल्ल्यावर बसणाऱ्याला येतंच.
तिसरी: बंद.

रिक्षात प्रभावतीनं विचारलं, काय दिसलं?
रक्त, म्हणालो.
द्वारकेच्या खड्ड्यात पाठीतून कळ गेली
आणि मी तिला शिवी दिली, कळीला, प्रभावतीला नव्हे,
पण तोंड तिनं फिरवलं.
राग कुणावर आला होता ते मला अजून कळलेलं नाही.
डबीवर म्हणावं तर ती बिचारी बंद होती.
मग पाणी कुणी उतरवलं?
वडील म्हणायचे, हंडा कुठे पातळ झालाय ते बघून कळत नाही,
टिचकी मार आणि ऐक.
एवढी ठकठक ऐकली मी आज,
एका ठिकाणीही आवाज बदलला नव्हता.

पुढच्या गुरुवारी बाई पुन्हा शून्य ते दहा विचारतील.
त्यांना एकदा घाटावर न्यायला हवं.
तोंडं दोन आहेत त्याला, एक पुढे, एक मागे,
आणि पाणी आधी कुठल्या तोंडाला लागतं
ते इतके पूर बघून आम्हालाही सांगता यायचं नाही.