संरक्षित मिनिट

भाषण सात मिनिटांचं. ते मी राखतो.
माझ्याकडे मामाचं जुनं घड्याळ आणि लाकडी डस्टर.
मिनिट झालं की एकदा टकटक, सहाव्याला एकदा,
सातव्याला दोनदा. मधल्या पाच मिनिटांत
समोरच्या बाकावरून कुणीही उठू शकतं,
पण पहिलं मिनिट आणि शेवटचं
कुणाच्या बापाला तोडता येत नाही.
मला बोलायला सांगू नका. माझी जीभ अडते.
मी लाकडाने बोलतो.

मासेरूच्या त्या शाळेत ऑगस्टची थंडी,
पत्र्याखाली एकच रॉकेलची शेगडी, आणि चार जोड्या:
दोन सरकारच्या, दोन विरोधाच्या.
आपण कोण, ते आपण ठरवत नाही,
चिठ्ठी ठरवते. तुम्हाला काय वाटतं
हे कुणी विचारतच नाही.
प्रस्ताव फळ्यावर आला:
हे सभागृह डोंगराचं पाणी शेजारी देशाला विकणं थांबवील.
मोलिएहीने चिठ्ठी उलगडली: विरोध.

म्हणजे पाणी विकावं, असं तिने म्हणायचं.
तिने, जिच्या घरची सात पीचची झाडं
धरणाच्या तळाशी आहेत, उभीच,
जिचे वडील अजून पाण्याकडे पाठ करून जेवतात.
तयारीला पंधरा मिनिटं. पहिली चार
ती नुसती फळ्यावरच्या खडूकडे बघत होती.
कात्लेहो म्हणाला, माघार घेऊ.
ती म्हणाली, पेन दे.

उभी राहिली तेव्हा खांद्यावरचं ब्लँकेट
तिने खुर्चीला पांघरलं.
पहिलं मिनिट मी डोळ्यांत तेल घालून राखलं.
तिने रस्ता सांगितला, दवाखान्यातला रात्रीचा दिवा,
आणि डोक्यावरचा हा पत्रा कुठल्या पैशाचा, तेही.
टकटक.
लगेच समोरून एक मुलगा उठला,
एक हात पुढे, एक डोक्यावर.
म्हणतात, कुठल्याशा जुन्या संसदेत
केसांचा टोप पडू नये म्हणून धरायचे.
आमच्याकडे लोकरीची टोपी धरतात.

ज्यांची घरं बुडाली, त्यांचं काय?

नको म्हणायचा तिला हक्क होता.
नुसता हात हलवला असता, तो मुकाट बसला असता.
ती म्हणाली, घेते.
मग इतका वेळ गप्प राहिली
की मी काट्याकडे बघायचं विसरलो.
विक्री थांबली म्हणून झाडं वर येणार नाहीत.
भाव आपण कमी लावला, तो वाढवा.
दार लावून घेणाऱ्याला घासाघीस करता येत नाही.

आम्ही चारांत तिसरे आलो.
परीक्षक म्हणाल्या, मुद्दा चांगला, पण उशिरा आला.
मे माखाउतांनी सगळ्यांच्या चहात तीन तीन चमचे साखर घातली.

परतीच्या गाडीत, घाट चढताना, मागच्या सीटवर
ती एकटीच पुटपुटत होती.
मला वाटलं, रडतेय.
ती स्वतःचं भाषण खोडत होती:
भाव वाढला तरी जाणार कुणाच्या खिशात?
झाडं मोजायला कोण आलं होतं, आणि कधी?
पहिल्यांदाच वडिलांच्या बाजूने, मुद्देसूद.
इतकी वर्षं नुसती चिडत होते रे, ती म्हणाली.
कारणंही आहेत माझ्याकडे.

गुरुवारी सरावाला मी घड्याळ आणि डस्टर
कात्लेहोच्या हवाली केलं.
प्रस्ताव साधाच: वर्गात ब्लँकेट पांघरू द्यावं.
माझी चिठ्ठी: विरोध.
कुडकुडत उभा राहिलो, ब्लँकेटच्या विरुद्ध.
अ. अध्य. अ.
घरी एव्हाना कुणीतरी शब्द पुरा करून
माझ्या हातावर ठेवतं, सुट्ट्या पैशांसारखा.
इथे बारा जण बसले होते, आणि नियम होता.
खिडकीबाहेर कुणाचं तरी खेचर खोकललं.
बारा जण बसूनच राहिले.
अध्यक्ष महोदया, एवढं म्हणून झालं
आणि टकटक.

पहिल्या बाकावरून मोलिएही उठली,
एक हात पुढे, एक टोपीवर.
घ. घे.
घेतो, म्हणालो.