आवाजाचं बटण

ओमेना निवडत बसलो होतो आम्ही दोघी,
बोटभरही नसलेले मासे, उन्हात वाळून चांदीच्या काड्या झालेले.
मी खडे काढते, अकेयो डोकी मोजते.
मोजता मोजता गाऊ लागली.
चाल ओळखीची होती. शब्द कळायला
मला दोन मासे लागले.

सात वर्षांची आहे. पुढचे दात पडलेत,
त्यामुळे ओळीतला सगळ्यात चावट शब्द
फस्सकन हवेत गेला.
बाकीचं मात्र स्वच्छ, पाढे म्हणावेत तसं.
"कुठं शिकलीस गं?"
"बाबाच्या गाडीत."

बाबाची गाडी म्हणजे मटाटू, मासेनो ते किसुमू,
मागच्या काचेला जांभळे दिवे,
सीटखाली ते स्पीकर, ज्यांचे हप्ते
अजून आम्हीच भरतोय.

रात्री ओचोलाकडे विषय काढला.
उगालीचा घास वळत तो म्हणाला,
आवाज कमी केला की पोरं मागच्या गाडीत चढतात.
पोरंच. गणवेशातली.
गाणं ऐकून गाडी निवडतात, ब्रेक बघून नाही.
आणि तिला काय कळतंय त्यातलं?

तेच तर.
ज्या दिवशी कळेल
त्या दिवशी ते तिला आधीच तोंडपाठ असेल.

खरं सांगायचं तर मीही गायलेय.
आजोबांच्या मयताची रात्र, ओहांग्लाचे ढोल,
थोराड बायकांच्या मागे उभी राहून
नऊ वर्षांच्या मी नवराबायकोच्या चटईवरची ओळ
अशी काही ठणकावून म्हटली की ढोलवाल्याचा हात चुकला.
सगळे हसले. आई हसली, मग तिनं फटका दिला.
त्यातलं मनापासूनचं कुठलं,
माझं अजून ठरलेलं नाही.

पण ते गाणं मयतातच राहायचं.
मांडव उतरला की तेही उतरायचं.
हे रोज सकाळी साडेसहाला येतं,
दप्तराबरोबर.

मंगळवारी किसियानला मीच चढले, टोपली मांडीवर घेऊन.
ओचोलानं आरशात पाहिलं,
आणि ओटोंग्लोच्या अलीकडे, काही न बोलता,
बटण फिरवलं.
गाडी एकदम गप्प.
टायर ऐकू आले, खिळखिळं दार,
तळ्याकडचा वारा.

मग मागच्या बाकावरून, जिथं गाणं तुटलं होतं तिथूनच,
एक मुलगा, बारीक आवाजात.
मग तिघं. मग सगळीच,
चौदांच्या जागेत कोंबलेली बावीस पोरं,
मोज्यांवर लाल धूळ,
एकही अक्षर चुकत नव्हती.
आणि खिडकीशी अकेयो, माझ्याकडेच बघत,
दातांच्या फटीतून तो शब्द सोडत.

ओचोलाचा हात बटणावर तसाच.
वाढवू का, आरशातून त्यानं विचारलं.
मी टोपलीवरचा लेसो उगाच घट्ट केला.
शाळेचं फाटक आलं.
कंडक्टरनं पत्र्यावर दोन थापा मारल्या,
नेमक्या तालात.