दिवाळ्याच्या जेट्टीवर, परत आल्यावर

जयवंतचे बाबा जाळं शिवतायत
आणि आम्ही चौघं त्यांना लाओस सांगतोय.
मैथिली मोबाइलवर नकाशा उघडते.
ते बघत नाहीत, सुईत दोरा भरतात.
'विमानान गेलाव ना? मंग चाललाव कवा?'

चाललो काका. सतरा दिवस.
पाठीवर अकरा-अकरा किलो,
त्यात शकीलचे इस्त्रीचे तीन शर्ट,
जे पहिल्याच रात्री रस्त्याच्या रंगाचे झाले.
स्कूटर घसरली, मैथिलीचा गुडघा फुटला,
दुकानातल्या बाईला आयोडीन कसं सांगणार?
म्हणून भर रस्त्यात नाटक केलं,
शकील जखम झाला, मी बाटली,
जयवंत नुसताच कापूस होऊन उभा.
बाई हसून हसून खाली बसली.
औषध मात्र बरोब्बर दिलं.

मग जळवा सांगितल्या.
मोज्यांतून निघालेल्या बावीस.
मोजल्या मैथिलीनं, ती बँकेत आहे,
आकडा जुळल्याशिवाय तिला झोप नाही.
बांबूच्या डबीतला चिकट भात सांगितला,
आणि रात्रभर छपरावर चालणारं काहीतरी,
जे काय होतं ते आम्ही सकाळीही विचारलं नाही.

भरती चढतेय. खाडीपलीकडे उलव्याच्या इमारती
एकेक दिवा लावतायत.
काका दोरा दातानं तोडतात.
'मासली कंची तयां?'

आता आली पंचाईत.
मासे तर रोज खाल्ले,
पानात गुंडाळलेले, गवती चहाच्या वासाचे.
नाव कुणालाच विचारलं नव्हतं.
सगळे जयवंतकडे बघतो.

जयवंत ऐरोलीत सर्व्हरच्या थंड खोलीत
रात्रपाळी करतो, जॅकेट घालून.
शाळेत माझ्याच बाकावर होता.
बाकीच्यांनी नाक दाबलं त्या दिवसापासून
दहावीपर्यंत डब्यात बटाट्याची भाजी.

एक गोष्ट आम्ही सांगत नाही आहोत.

परतायच्या आधल्या संध्याकाळी, नदीच्या वळणावर,
इंजिन दोनदा खोकलं नि मेलं.
पंख्यात अडकलेलं गवत काढताना
नावाड्याचा हात आत गेला.
रक्त. पुढे पांढरं पाणी, त्यात काळे खडक.
शकील डोळे मिटून ओठ हलवत होता,
मी सॅक छातीशी कवटाळून बसलेले,
जशी काही तीच तरंगणार होती.
जयवंत उठला. आधी चपला काढल्या.
मला तेच लख्ख आठवतं, आधी चपला काढल्या,
जोडीनं नीट बाजूला ठेवल्या,
मग बांबू उचलून टोकाशी पाय रोवले
आणि कुणी कानात सांगतंय ते ऐकावं
तसा पाण्याकडे वाकला.
एक खडक डावीकडून गेला.
दुसरा इतका जवळून की त्यावरचं शेवाळ दिसलं.
तिसरा आम्हाला घासला, जिवंत सोडून पुढे गेला.

वाळूला लागलो तेव्हा अंधार होता.
नावाड्यानं धडक्या हातानं त्याचा दंड चाचपला,
त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं.
'दिवाळे,' जयवंत म्हणाला.
त्या माणसानं मान डोलावली,
दोन वळणांवरचं गाव असल्यासारखी.

विमानात त्यानं आम्हाला दम भरला होता:
घरी बोलायचं नाही.
होडी विकून बाबांनी मला यातून काढलंय.

'बोल ना,' काका म्हणतात. 'कंची मासली?'

'बारकी होती. काट्याची.
एवढी असेल.'
आणि दोन्ही हात पुढे करून दाखवतो.

काका माशाची लांबी बघत नाहीत.
तळव्यांवरचे फोड बघतात,
अर्धे सुकलेले, अंगठ्याखाली ओळीनं.
सुई थांबते.
जेट्टीवर कुणीतरी बर्फ फोडतंय.

'जाम घट धरलास,' ते म्हणतात.
'ढिला धराचा.'

आणि जाळं ओढून घेतात मांडीवर,
पुढचं भोक शोधायला.