बुटीबोरी, दुसरी पाळी

कोळशाची भट्टी मार्चमध्ये काढली.
नवी विजेवर चालते,
नुसती घुमते, धूर नाही.
निनावे भाऊ तेवीस वर्षांच्या सवयीनं
अजून चिमणीकडे बघतात,
मग चष्मा पुसतात.
काच स्वच्छच असते.

घरी शर्ट झटकून शेवंता विचारते,
"कामावरच जाऊन राह्यले ना तुमी?"

साहेबानं फळ्यावर आकडा लिहिला:
टनामागे एवढा वायू कमी.
टाळ्या झाल्या. आलुबोंडे आले.
भाऊ तेवढे
गेटाबाहेरच्या तारेकडे बघत राहिले,
या खांबावरून त्या खांबावर,
उत्तरेला, अख्खं शहर ओलांडून
कोराडीकडे.

"अन् तिकडचा कोन मोजून राह्यला, बाप्पा?"

साहेबानं खडू खिशात टाकला.
आलुबोंडा हातातच निवला.