विहिरीकडची अकरा झाडं

वरूडच्या दुय्यम निबंधकाकडे
बाबांनी मृत्युपत्र नोंदवलं तेव्हा मी सोबत होते,
त्यांचं चष्म्याचं घर आणि दम्याचा पंप धरून.
सहा कलमं सरळ गेली.
घर प्रफुल्लला, पाटाकडचं दीड एकर मला,
रेडिओ शेजारच्या नत्थूजीला,
"कारन थोच आयकते."

मग खाकरले.
"अजून एक लिहा, ठोंबरेसाहेब.
माह्यापासून कुठं लेकरू झालं असन
अन् मले ठाऊक नसन,
तर विहिरीकडची अकरा झाडं त्याची."

ठोंबऱ्यांची बोटं थांबली.
"नाव?"
"असतं तर सांगतलं नसतं काय?"
"मुलगा की मुलगी?"
"लेकरू लिहा. लेकरू पुरते."

चौऱ्याहत्तर साली बाबा धारणीकडे होते,
वीज मंडळाच्या टोळीत, खांब गाडायला. दीड वर्ष.
आई तेव्हा यायची होती.
एवढंच आम्हाला माहीत, आणि एवढंच पुरायचं.
परतताना बसमध्ये आपणहून म्हणाले,
"ज्या घरी जेवाले जात होतो
त्या घरात लाइट लागला थ्या दिवशी मी नव्हतो तिथं.
बदली झालती."
पुढं काही नाही.
बेनोड्याचा फाटा आला, गेला.

ठोंबऱ्यांनी टाइप केलं होतं:
'मजपासून झालेले व मजला अज्ञात असे अपत्य
माझ्या मृत्यूपासून बारा वर्षांचे आत हजर झाल्यास'
हजर हा शब्द बाबांना खटकला.
"थे काय आरोपी हाये?"
मग 'आल्यास' केलं. खाडाखोडीवर सही केली,
डाव्या हातानं. बाबा डावखुरे.

नऊ वर्षं झाली.
दर आंबियाला बागवान येतो, झाडावरच सौदा होतो,
मी म्हणते, विहिरीकडच्या अकरांचा हिशेब वेगळा.
पहिल्या साली त्यानं विचारलं, कोणाची?
म्हटलं, आहे एकाची.
प्रफुल्ल म्हणतो, ताई, पुरे, कोर्टात हे टिकत नाही.
नसेल टिकत.
शेणखत मी त्या ओळीला आधी घालते.
दोन झाडं डिंक्यानं गेली,
तिथं नवी कलमं लावली, कोणाला न विचारता.

पैसे पोस्टात, माझ्याच नावानं.
वहीत मात्र पान वेगळं.
वर आधी 'अज्ञात' लिहिलं होतं, मग खोडलं.
आता 'लेकरू' आहे.
लेकराला पन्नाशी लागली असेल,
गुडघे दुखत असतील.

खोड एवढीच लागली मला,
डावखुरं माणूस दिसलं की वय मोजते.
परवा बाजारात एक बाई
डाव्या हातात तागडी धरून कुटकी जोखत होती.
विचारलं, कुठल्या तुम्ही?
"लंबं हाय गाव. डोंगरात."
पुढचा प्रश्न जिभेवर आला
आणि मी दोन किलो कुटकी घेतली.
आमच्याकडे कुटकी कोणी खात नाही.

वळले तर मागून हाक,
"ओ बाई, थैली राह्यली तुमची, संत्र्याची."
म्हटलं, असू द्या.
विहिरीकडची आहेत.