आ

एकोणीस दिवस झाले.
रोज पहाटे, कूलरच्या घरघरीत,
मोबाइलचा टॉर्च धरून
आरशापुढे आ करतो.
पडजीभ लोंबते. मागे लाल.
काल एवढंच लाल होतं का?

तर्री-पोहे सोडले.
संत्र्याची गोळी झोंबली तर
दुपारभर बोटांवर पंचांग:
त्या रात्रीपासून किती, खोकल्यापासून किती.
आई म्हणते, काऊन रे, जेवत नाहीस?
ऊन लागलं, म्हणालो.
तिनं पन्हं केलं. तेही झोंबलं.

मेडिकलच्या खोलीबाहेर रुमाल बांधून बसलो.
मे महिन्यात या गावात सगळेच चोर दिसतात,
तेवढं बरं.
केसपेपरवर वय एकतीस.

काय झालं, लांजेवार मॅडमनी विचारलं
आणि मला शब्द सापडेना.
आमच्या चौकात त्याच्या शिव्या आहेत चार,
नाव एकही नाही.
"मुखमैथुन?" त्या म्हणाल्या,
मुखशुद्धी म्हणावं तितक्या सहज,
पेन न थांबवता.

एचआयव्हीची भीती फार कमी. बाकीच्यांची थोडी.
रक्त देऊन जा, सहा आठवड्यांनी परत या.
आ करा.
"ब्रशनं घसा सोलून काढलाय तुम्ही."

मग, "त्यांना सांगितलं?"

शलाकाला.
एकोणीस दिवस ती
नुसती एक शंका होती.
वर्धेत तिचाही आरसा असेल,
तिच्याही हातात टॉर्च,
हे डोक्यात आलंच नाही.

बाहेर सेहेचाळीस. रुमाल सोडला.
लिहिलं: घसा कसा आहे?
पुसलं.
सरळ फोनच लावला.
रिंग जाऊन राहिली आहे.