अंगावर

टॅबलेट म्हणतो, अठरा.
साखळ्यांचं चिलखत सोळा, ढालीचे दोन,
चपळाईचा एक सोडून दिलेला;
जड लोखंडात चपळाई धरत नाहीत.
हिशोबात खोट नाही.

डुलूथमध्ये उणे वीस. तळघरात
वॉशिंग मशीन गुरगुरतंय, टेबलाचा एक पाय हलतो.
"पण मी नदी पोहून आलेय," व्हर्ना म्हणते,
"चिलखत पलीकडेच राहिलं. ढालही."

तिनं सांगितलं नसतं
तर त्या काचेला नदी ठाऊकच नव्हती.

कोडी बोटानं 'अंगावर'पुढची खूण पुसतो, दोनदा.
आकडा धाडकन खाली येतो : अकरा.
मग ऑस्मंडचा फासा गडगडत जाऊन
बशीला अडतो.
तेरा.

व्हर्नाच्या फाइलीत तिचा जुना कागद आहे, पिवळा.
चिलखताच्या चौकटीत खोडरबरानं भोक पडलेलं :
घातलं, उतरवलं, गंजलं, गहाण टाकलं,
एकदा एका पोराला थंडी वाजत होती म्हणून दिलं.
एकोणीस वर्षं. आता तिथं
काहीच लिहिता येत नाही.

"लागला," ती म्हणते,
आणि बरगडीवर हात ठेवून
चिप्सचा पुडा ऑस्मंडकडे सरकवते.